हरवलेले मुखपृष्ठ

सन १९३६ च्या माघात बारामतीच्या वाचनालयात एक कादंबरी आली आणि लोक ती वाचण्याहून अधिक पाहण्यासाठी येऊ लागले. मुखपृष्ठावर कमळांच्या तळ्याकाठी हाती दिवा घेतलेली स्त्री उभी होती, आणि पूर्णचंद्र नेमका तिच्या मस्तकामागे उगवला होता. तीन महिन्यांत पुस्तक इतके हाताळले गेले की, बांधणीसाठी ते इंदापूरला सावळारामाकडे धाडावे लागले. परत आले ते काळ्या कापडी पुठ्ठ्यात. पाने सर्व होती. मुखपृष्ठ मात्र नव्हते.

अध्यक्ष आप्पासाहेबांनीच ते पुस्तक वाचनालयास दिले होते. ग्रंथपाल दाजीशास्त्र्यांना ते म्हणाले, "रविवारपर्यंत चित्र जागेवर हवे. नाही तर सावळारामाला पुन्हा एकही पुस्तक जाणार नाही. असली चित्रे तसबिरीवाले हातोहात घेतात, बुवा."

पंधरा वर्षांत सावळारामाने एक पानही गहाळ केले नव्हते. तरीही संशयाचा खडा एकदा मनात पडला, तो शनिवारी इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीत बसल्यावरही शास्त्रीबुवांना टोचतच राहिला.

"चित्राचा कागद कुठे आहे, सावळाराम?"

सावळाराम खळ ढवळत राहिला. "कापडी बांधणी केली की वरचा कागद कातरणात जातो, बुवा. आन् कातरण बांधणाऱ्याचं. बापापासनं असंच चाललंय."

"असेल. कातरण दाखव."

"जाळलं."

कोपऱ्यात कातरणाचा गुडघाभर ढीग तसाच पडला होता. शास्त्रीबुवांनी खाली बसून एकेक कपटा सावकाश पाहिला. मागल्या दिवाळीपासूनची वेष्टने त्यात होती. तेवढे एकच नव्हते.

"इतके राखलेस आणि नेमके तेच जाळलेस?"

 सावळाराम उठून माजघराच्या दारात उभा राहिला, आणि शास्त्रीबुवांचा उरलासुरला विश्वासही डळमळला.

आतून त्याच्या म्हाताऱ्या आईचा, कुशाबाईंचा आवाज आला, "कोन रं? शास्त्रीबुवा व्हय? दारात काय खोळंबून ठिवलंस? देवापुढं येऊ दे की त्यास्नी."

"त्यास्नी मोटार गाठायचीय, आये."

"मोटार तिसऱ्या प्रहरी आहे," असे म्हणून शास्त्रीबुवा आत गेले.

देवांपुढे उदबत्तीचा धूर दाटला होता. मधोमध तसबीर, तिला झेंडूचा हार. जन्माच्या सवयीने शास्त्रीबुवांचे हात जुळले, ओठांवर स्तोत्र आले. दुसऱ्या चरणाशी धूर विरळ झाला आणि त्यांनी तळे ओळखले.

"कंची लक्ष्मी ही, तुमीच सांगा," कुशाबाई म्हणाल्या. "माझं पोरगं सांगत न्हाय. पुण्याहून आणली म्हनतंय."

दारात सावळाराम मान खाली घालून उभा होता. देवांसमोर असत्य बोलणे शास्त्रीबुवांना ठाऊक नव्हते.

"कुशाबाई, ही देवी नव्हे. कादंबरीतील स्त्री आहे. नवऱ्याचे घर सोडून निघालेली."

म्हातारीने तसबिरीकडे निरखून पाहिले. "निघाली खरी. पर दिवा घ्यायला इसरली न्हाय." मग लेकाकडे वळून म्हणाली, "आन् तू गप्प बसलास?"

"काच बसवायच्या आधीच तू तिला कुंकू लावलंस, आता रोज पुजतीस. काढू कसं म्हनू?"

शास्त्रीबुवांनी मग रविवारची अट सांगितली. कुशाबाईंनी स्वतः हार उतरवला, मागले खिळे उपटले आणि कागद त्यांच्या हाती दिला. "पोथीची हाय, पोथीत जाऊ द्या. काच आमची, ती ऱ्हाऊ द्या."

रविवारी आप्पासाहेबांनी चित्र उजेडात धरले. स्त्रीच्या कपाळावरचा लाल ठिपका त्यांनी अंगठ्याने घासला; तो गेला नाही.

"हे कुंकू कुणी लावले?"

"ज्या घरात ती होती, त्या घरच्यांनी. भ्रमाने का होईना, हात मीही जोडले."

आप्पासाहेबांनी चित्राकडे पाहिले, मग शास्त्रीबुवांकडे बराच वेळ. सावळारामासाठी नव्या पुस्तकांचा गठ्ठा बांधण्याची आज्ञा त्यांनी तेव्हाच दिली. पण त्या दिवसापासून मुखपृष्ठावर स्त्री असलेली कादंबरी आली की, ती ते स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवू लागले, आणि किल्ली, चित्राला हात जोडणाऱ्या शास्त्रीबुवांकडे मात्र देईनात.