आवाज करायचा नाही

कल्पेशचं सर्टिफिकेट या महिनाअखेरीला संपत होतं आणि त्या भीतीने त्याची जेवणावरची वासना उडाली होती.

तो नेटवर्क इंजिनीअर होता. बँकांची, दवाखान्यांची कॉम्प्युटरची जाळी तळोज्याजवळच्या ऑफिसात बसून सांभाळायची आणि कुठे तुटलं तर जोडायचं, हे त्याचं काम. कामात तो चोख होता. पण पगार कामावर ठरत नव्हता. ज्याच्याकडे वरच्या परीक्षेचं सर्टिफिकेट, तो वरच्या ग्रेडमध्ये आणि दिवसपाळीला. ज्याच्याकडे नाही, तो खालच्या ग्रेडमध्ये, रात्रपाळीला, जवळजवळ निम्म्या पगारावर. सर्टिफाइड माणसं किती देणार ते गिऱ्हाइकाच्या करारातच लिहिलेलं असायचं. शिवाय सर्टिफिकेट तीन वर्षांनी शिळं व्हायचं. परीक्षा पुन्हा द्यायची.

ती तो वेळेत देणार होता, पण मध्ये त्याची बायको निशा आजारी पडली आणि दिवाळीच्या आधी गेली. नंतर कित्येक आठवडे पुस्तक उघडलं की तो एकाच पानावर बसून राहायचा. मागच्या महिन्यात परीक्षेला बसला आणि थोडक्यात नापास झाला.

शेजारच्या टेबलावरच्या मितेशला कामाला त्यानेच लावलं होतं, शिकवलंही त्यानेच. मितेशने सर्टिफिकेट काढलं, दुसऱ्या कंपनीची ऑफर मॅनेजरना दाखवली आणि आता तो कल्पेशपेक्षा जास्त पगार घेत होता.

"दादा, या वेळेला पण उडालास ना, तर मी तुझा साहेब," मितेश म्हणाला. "मग चहा तू आणायचा. साखर कमी."

कल्पेश हसल्यासारखं करून खाली बघत राहिला. मॅनेजर अरुंधती मॅडमना तो भेटून आला होता. त्या बाई वाईट नव्हत्या. निशाच्या वेळी त्यांनी रजा दिली होती. पण तारीख त्यांच्या हातात नाही, एक तारखेला ग्रेड आपोआप बदलेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पगार कमी झाला असता तर त्याने पोटाला चिमटा काढला असता. भीती रात्रपाळीची होती. त्याची मुलगी समृद्धी पहिलीत होती. निशाचं कार्य झालं त्या दिवशी त्याची सासू, चिरनेरची हौसा, पोरीला न्यायला तयार होऊनच आली होती. कल्पेशने हात जोडले. मी संध्याकाळी घरी असतो, पोर माझ्याजवळ राहू दे, म्हणाला. हौसाने त्याची आई सोनाबाई हिच्याकडे पाहिलं. सोनाबाईला आता कानांनी कमी ऐकू यायचं आणि दिवेलागणीनंतर दिसायचंही कमी.

"रातचा पोरीजवल बाप पायजे," हौसा म्हणाली. "जवर तू हायस तवर ठेव. रातचा घरात नसलास त मी नेईन. मंग मना आडवू नको."

त्याने कबूल केलं होतं. त्यामुळे ग्रेड गेली की पोर गेली, एवढं सरळ होतं.

परीक्षा केंद्रावर महिनाअखेरीपर्यंत जागा नव्हती. घरून द्यायची परीक्षा मिळाली. त्याचे नियम त्याने पुन्हा पुन्हा वाचले. खोलीत आपण एकटेच. कॅमेरा सतत चालू. पलीकडे कुठेतरी बसलेला माणूस आपल्याकडे बघत असतो. नजर स्क्रीनवरून हलवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत, उठायचं नाही. दुसऱ्या माणसाचा आवाज आला की परीक्षा तिथेच बंद.

विचुंब्यातलं त्याचं घर गावाकडच्या भागात होतं. तिथे दार वाजवून कोणी येत नसे. हाक मारत थेट चुलीपर्यंत यायचं, अशी रीत. त्याने आईला बजावलं, शेजारच्या भामाकाकीला सांगून ठेवलं. मग समृद्धीला समोर बसवलं.

"परीक्षा चालू असताना अजिबात आवाज करायचा नाही. काहीही झालं तरी. आवाज झाला तर बाबाची परीक्षा बंद होणार, पगार कमी होणार आणि तुला चिरनेरला जावं लागणार."

"शिंक आली तर?"

"फ्रॉकमध्ये शिंकायचं."

"आणि उचकी?"

"उचकी गिळायची."

तिने मान हलवली. तिला तो खेळ वाटला असेल, असं त्याने धरून घेतलं.

रविवारी सकाळी तो आतल्या खोलीत बसला. टेबल रिकामं केलं, घड्याळ काढून बाहेर ठेवलं. पलीकडच्या माणसाने लॅपटॉप फिरवून चारही भिंती दाखवायला सांगितल्या. तिसऱ्या भिंतीवर निशाचा फोटो होता, हार घातलेला. तो काढा, असा निरोप स्क्रीनवर आला. कल्पेशने लिहिलं, ती माझी बायको आहे, वारली आहे. माणसाने दिलगिरी लिहिली आणि पुन्हा लिहिलं, भिंतीवर काहीही चालत नाही.

त्याने फोटो उतरवला, दार किलकिलं करून आईच्या हातात दिला. सोनाबाईचा चेहराच उतरला. तिच्या माहेरी, तिच्या सासरी, गेलेल्या माणसाचा फोटो एकदा भिंतीला लागला की वर्षश्राद्धापर्यंत जागचा हलवत नसत.

"वरीस जाल्याबिगर फोटू उतरवाचा नसतं रे," ती कुजबुजली. "घरात कायतरी व्हतं."

त्याने नुसतं ओठांवर बोट ठेवलं आणि दार लावलं.

परीक्षा सुरू झाली. पहिले प्रश्न त्याला चांगले गेले. मग नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरच्या पत्त्यांच्या हिशोबाचा प्रश्न आला आणि त्याचे ओठ सवयीने हलले. लगेच स्क्रीनवर इशारा आला. त्याने ओठ आत ओढून दातांखाली धरले.

थोड्या वेळाने बाहेरच्या दाराची कडी वाजली, बाहेरच्या बाजूने. आई कुठे चालली? मग त्याच्या लक्षात आलं. ती फोटो घेऊन गावदेवीच्या देवळात निघाली असणार, देवीची क्षमा मागायला. आणि मागे कोणी हाक मारत आत येऊ नये म्हणून कडी लावली असणार. म्हणजे बाहेरच्या खोलीत समृद्धी एकटी होती.

नजर स्क्रीनवर ठेवून तो कान देऊन राहिला. पावलं वाजली. लोखंडी कपाटाचं दार करकरलं. धाडकन आपटलं. मग काहीच नाही.

तो दाराकडे वळला. इशारा आला, मोठ्या लाल अक्षरांत. पुन्हा नजर हलली तर परीक्षा रद्द.

तो बसून राहिला. लागलं असतं तर ती रडली असती. रडली नाही, म्हणजे लागलं नाही. हे त्याने मनात दोनदा म्हटलं आणि पुढचा प्रश्न उघडला. ऑफिसात नव्या पोरांना तो उलटं शिकवत आला होता. जे मशीन तक्रार पाठवतंय ते निदान जिवंत आहे, जे एकदम गप्प झालंय तिकडे आधी धावा, असं तो सांगायचा. आता तो गप्पपणावर विसंबून एकेक प्रश्न सोडवत होता. उत्तरं बरोबर येत होती.

शेवटचं बटण दाबलं तेव्हा क्षणभर स्क्रीन पांढरी झाली. मग निकाल आला. पास.

त्याने तो पूर्ण वाचलाही नाही. खुर्ची मागे पडली, त्याने दार उघडलं.

समृद्धी कपाटाशी भिंतीला टेकून बसली होती. फ्रॉकची अख्खी कड तोंडात कोंबलेली. उजव्या हाताचं मधलं बोट काळंनिळं होऊन सुजलं होतं आणि नखाखालून आलेलं रक्त मनगटापर्यंत वाळलं होतं. कपाटातली रंगपेटी खाली सांडली होती. तिचे डोळे कोरडे, ताठ, त्याच्यावर लागलेले.

तिने फ्रॉक तोंडातून काढला. "संपली का?"

"संपली गं."

"आता रडू?"

त्याने तिला उचललं. ती त्याच्या खांद्याशी रडायला लागली, पण रडण्यालाही आवाज नव्हता, नुसतं अंग गदगदत होतं. निशाही अशीच होती. ताप अंगात घेऊन भाकऱ्या थापत राहिली आणि काही होत नाही म्हणाली. आणि तो ते खरं धरून कामाला जात राहिला होता.

कडी बाहेरून लागलेली. त्याने खिडकीतून हाका मारल्या तेव्हा भामाकाकीने धावत येऊन कडी काढली. दवाखान्याच्या वाटेत सोनाबाई भेटली, फोटो पदरात गुंडाळलेला. पोरीचं बोट बघून ती रस्त्यातच बसली. "सांगलेलं मी तुला," एवढंच म्हणाली.

कामोठ्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाडाला तडा होता. एवढा वेळ का थांबलात, डॉक्टरांनी विचारलं.

"आवाज केला असता तर बाबाचा पगार कमी झाला असता," समृद्धीने सांगितलं. शाळेत उत्तर द्यावं तसं नीट, पूर्ण वाक्यात. डॉक्टरांनी कल्पेशकडे पाहिलं आणि मग बोटाला पट्टी बांधेपर्यंत पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवरून त्याने स्वतःच हौसाला फोन केला. काही लपवलं नाही. फोटोचं, कडीचं, पोरीला काय सांगून ठेवलं होतं तेही. परीक्षा पास झाल्याचंही सांगितलं, म्हणजे रात्रपाळी लागणार नाही.

"उंद्या येतंय," हौसा म्हणाली आणि फोन ठेवला. बघायला की न्यायला, ते तिने सांगितलं नाही. त्याला विचारायचा धीर झाला नाही.

रिक्षात समृद्धी त्याच्या मांडीवर बसली. खड्ड्यात रिक्षा आदळली, बोट ठणकलं आणि ती एकदम मोठ्याने रडली. रस्ताभर ऐकू जाईल असं, पहिल्यांदाच. रिक्षावाल्याने वळून पाहिलं. कल्पेशला बरं वाटलं. रड, म्हणाला तो, लागलं की असंच रडायचं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अरुंधती मॅडम. निकाल ऑफिसात पोचला असणार.

समृद्धीचं रडणं अर्ध्यावर थांबलं. तिने चांगला हात तोंडावर दाबला आणि फोनकडे बघत राहिली.

त्याने फोन उचलला नाही. तो वाजत राहिला, वाजत राहिला आणि बंद झाला. कल्पेशने तिचा हात हळूच तोंडावरून काढला. रड ना, म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली. विचुंब्यापर्यंत रस्ता खराबच होता, पण पोरीच्या तोंडून पुन्हा आवाज निघाला नाही.