पाठीवरचे नाते

आमच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबमध्ये मी एकवीस वर्षे खेळाडूंचे कपडे आणि बूट सांभाळतो. शिक्षण सातवीपर्यंतच, तथापि प्रत्येकाचे माप मला मुखोद्गत आहे.

हंगामाच्या अखेरच्या सामन्याला खेळाडूंच्या घरच्यांनी क्लबची जर्सी घालून राखीव बाकांवर बसावे, असा आमचा शिरस्ता. पाठीवर खेळाडूचा क्रमांक, त्याखाली नाते: आई, पत्नी, कन्या. मागणीचा कागद माझ्या खोलीच्या दारावर लटकतो. ज्याने त्याने स्वहस्ते लिहायचे, वाचतात सगळेच.

आमचा गोलरक्षक, ज्याला सारे लंबू म्हणतात, दरवर्षी एकच ओळ लिही: आई. यंदा तो सरावापूर्वी एकटाच आला आणि पेन धरून बराच वेळ उभा राहिला.

"मामा, दोन लागतील," तो म्हणाला. "दुसरी माझ्या जोडीदाराला. तो शाळेत गणित शिकवतो. सहा वर्षं समोरच्या बाजूला तिकीट काढून उन्हात बसतोय."

माझ्या अल्पमतीला सुचले ते मी विचारले. "माप काय त्याचं?"

तो हसला आणि त्याने डोळे पुसले. आईला सर्व ठाऊक होते, संघात कुणालाच नव्हते. ओळ वाचून पोरांनी तोंड फिरवले तर या खोलीत पुन्हा पाय टाकवणार नाही, असे तो म्हणाला. कागदावर न लिहिता मी गुपचूप छापून देतो, असे मी सुचवले. त्याने नकारार्थी मान हलवली व लिहिले: जोडीदार, मोठे माप.

सरावानंतर कागदापुढे नेहमीचा गलका झाला आणि एकाएकी थांबला. लंबू बाकावर बसून बुटाची सुटलेलीच नाडी पुन्हा सोडीत होता. कर्णधाराने ती ओळ दोनदा वाचली, जोडीदार काय करतो ते मला हळूच विचारून घेतले आणि तो लंबूशेजारी येऊन टेकला.

"मास्तर गणिताचे आहेत होय?" तो लंबूला म्हणाला. "मग पेनल्टीला कुठल्या बाजूला उडी मारायची, ते विचार की त्यांना. तुझं तुला तर काही जमत नाहीये."

कोणी फिसकन हसले, मग लंबूही. एक बचावपटू मात्र पिशवी उचलून मुकाट निघून गेला.

सामन्याच्या दिवशी मास्तर सावलीत, लंबूच्या आईशेजारी बसले होते. मी पाणी घेऊन गेलो, तेव्हा त्या माउलीने मास्तरांची बाही चिमटीत धरून मला दाखवली.

"किती ढगळ दिलीत हो. पुढच्या वर्षी ह्याला एक माप लहान द्या."

मी खिशातली पेन्सिल काढून ते तिथल्या तिथे टिपून घेतले.