सुकलूचं मरण, वन्स मोर

शेवटी डुक्कर आलंच नाही, म्हणून पिक्चरमध्ये सुकलू मेलाच नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आता सुरुवात करू.

तर कुरखेड्याचा सुकलू मेला, यात कोणाचाच वाद नव्हता. वाद होता तो कशानं मेला याचा. सुकलू म्हणजे एमसी सुकलू, झाडीबोलीत रॅप करणारा तालुक्यातला पहिला आणि, बाकी कोणी हिय्या न केल्यामुळे, शेवटचा. एमसी म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो मार्केट कमिटीवर निवडून आला असं लोकांनी धरलं होतं. धानाच्या काट्याच्या तक्रारी घेऊन माणसं त्याच्याकडे येत, आणि तो त्या यमकात बसवून गात असे. त्यापायी एक मापाडी बदललाही गेला. म्हणजे खऱ्या कमिटीपेक्षा त्याचं काम बरं होतं.

पण गाजला तो मोहाच्या दारूवरच्या गाण्यानं. मोहर्लीच्या जंगल सफारीचे जिप्सीवाले वाघ दिसला नाही की पर्यटकांना तेच ऐकवत. सुकलू स्वतः मात्र दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. मोहाच्या नुसत्या वासानं त्याला शिंका येत. गाण्यात मध्येच जो 'आक्छी' येतो आणि ज्यावर नागपूरची पोरं उड्या मारतात, तो ठेका नव्हे, शिंक आहे.

आलापल्लीचा कार्यक्रम करून परतताना, लख्ख उन्हात, त्याच्या मोटरसायकलला रानडुक्कर आडवं आलं. दोघंही पडले. डुक्कर उठून निघून गेलं. सुकलू उठला नाही. पंचनाम्याला डुक्कर हजर नव्हतं, म्हणून गावानं गाण्यावरून निकाल लावला: पिऊन मेला.

हा निकाल सगळ्यात जास्त लागला रीताला. ती त्याची बहीण. मुंबईहून निनाद नावाचा दिग्दर्शक सुकलूच्या आयुष्यावर पिक्चर काढायला आला, तेव्हा तिनं एकच अट घातली. "माहा भाऊ डुकरानं मेला, तसंच दाखवा. बाकी त्याले हेलिकॉप्टरातून उतरवा, मले चालते."

"डुक्कर शंभर टक्के," निनाद म्हणाला. रीतानं करारावर सही केली.

मरणाच्या सीनच्या दिवशी सेटवर बाटली आली.

"सर, डुक्कर कुठी हाय?"

"रीताताई, समजून घ्या. हिप-हॉप स्टार डुकरानं मरत नाही. लोक हसतील."

"मंग वाघ घ्या."

"वाघाच्या तारखा नाहीत. आपण असं करतोय, तो स्टेजवर पितो, गातो आणि कोसळतो. दारूत एक वेदना असते."

"कोनं सांगतलं तुमाले? आमच्या इथी तं नुसतं डोकं दुखते."

निनाद हसला आणि सही दाखवून कॅमेऱ्याकडे गेला. रीता मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली. मांडव बाबूभाईंचा होता, माइकही त्यांचाच. सुकलूचा पहिला कार्यक्रम त्यांनीच लावला होता.

"रडू नको बेटा," बाबूभाई म्हणाले. "सुकलूचं काम करून राह्यला तो रोशन वडशाच्या नाटक कंपनीतला हाय ना? मंग पब्लिकले सांग, वन्स मोर द्या म्हनून."

रीताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झाडीपट्टीच्या नाटकात वन्स मोर म्हणजे हुकूम. तो गाण्याला मिळतो, भांडणाला मिळतो, मरणालाही मिळतो. मग मेलेला नट उठतो, हात जोडतो आणि जरा जास्त मन लावून पुन्हा मरतो. जो उठत नाही त्याला पुढच्या हंगामात गाव बोलवत नाही.

पब्लिक म्हणून सारं गावच बसवलं होतं. पहिल्या रांगेत म्हातारी रुखमाबाई. रीतानं तिच्या कानात बेत सांगितला.

"पन पोरी, तो पिऊनच मेला म्हनत होते ना?"

"कोन म्हने?"

"मीच."

"मावशी, त्याले मोहाच्या वासानं शिंका येत. तुमच्या अंगनात मोह वाळत राहे, तं तो नाक धरून जाय."

रुखमाबाईचा चेहरा उतरला. "मले वाटे, मले पाहूनच नाक धरते. त्या रागानं तं म्हनलो मी, पिऊन मेला." तिनं पदर खोचला. "कवा ओरडाचं?"

रोशन प्याला, डुलला, कोसळला. मरण असं जमलं की निनादच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वन्स मोर!" रुखमाबाई कडाडली. मागून सारा मांडव.

रोशननं एक डोळा उघडला. मग उठला, हात जोडले आणि बाटली शोधू लागला.

"कट! रोशन, उठलास का?"

"सर, वन्स मोर आला."

"अरे, तू मेला आहेस!"

"म्हनूनच तं आला, सर. जित्या मानसाले कोन देते?"

निनादनं बाबूभाईंना माइकवरून सांगायला लावलं की शांत बसा. "ऐका हो," बाबूभाई माइकवर म्हणाले, "सर म्हनते, मागच्यायचा आवाज येत नाई."

रोशन मरत गेला, उठत गेला. प्रत्येक मरण आधीच्यापेक्षा लांबत होतं. एकदा त्यानं मरता मरता स्वर्गातल्या आजोबांशी संवादही म्हटला. त्यालाही वन्स मोर मिळाला. ऊन उतरलं, तसा निनाद खुर्चीत बसला.

"ठीक आहे. डुक्कर. पण आणायचं कुठून? गावातलं एखादं चालेल?"

"नाई चालत," रीता म्हणाली. "गावातलं दाखवाल तं म्हनतीन, पिऊन नालीत पडला. रानातलंच पायजे."

रानातल्या जनावराला परवानगी लागते, असं कोणीतरी म्हणालं. रीतानं तिथंच, बाबूभाईंच्या साउंडबॉक्सवर कागद ठेवून, अर्ज लिहिला:

"प्रति, मा. वनाधिकारी साहेब. विषय: रानडुक्कर नग एक, एका दिवसाकरिता मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, माझा भाऊ सुकलू हा आपल्या अखत्यारीतील रानडुकरामुळे मयत झाला. सदर डुक्कर पंचनाम्यास गैरहजर राहिल्याने भावावर दारूचा आळ आलेला आहे. तरी सदर डुकरास, अथवा ते न मिळाल्यास त्याच्या जवळच्या नातलगास, चित्रीकरणस्थळी रस्ता ओलांडण्याचे आदेश व्हावेत. डुक्कर येण्यास राजी नसल्यास, त्या दिवशी माझा भाऊ पूर्ण शुद्धीत होता, एवढा जबाब त्याच्याकडून लेखी घेऊन मिळावा, ही नम्र विनंती."