खाणीतल्या तट्टूने ऐकलेली हाक

मित्रांनो, मी कोळशाच्या खाणीतले एक जुने, थकलेले तट्टू आहे. माझे नाव डँडी. माझ्या एका डोळ्याला आता काहीच दिसत नाही आणि दुसऱ्याला उजेड सोसत नाही. उभ्या उभ्या डुलकी लागते, मध्येच जाग येते आणि जुन्या गोष्टी आठवतात. त्यातलीच एक तुम्हाला सांगतो. थांबत थांबत सांगेन. घाई आता जमत नाही.

माझा जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडच्या माळरानावर झाला. वारा, ओले गवत आणि आईची ऊब, एवढेच त्या दिवसांतले आठवते. खांद्याने चांगला भरलो तेव्हा मला बाजारात उभे केले. लँकेशरमधल्या एका खाणीच्या मुकादमाने माझे दात पाहिले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बुटका आहे, पण रुंद आहे. असलाच हवा होता." मला वाटले, माझे कौतुक झाले. मी कान टवकारले.

त्या मुकादमाचे नाव जेथ्रो सेडन. माझे पाय बांधून, मला जाळ्यात गुंडाळून त्याने खाणीच्या तोंडातून खाली सोडले. वर आभाळाचा एक तुकडा दिसत होता, तोही बघता बघता विझला. तळाशी पोचलो तेव्हा मी जोरजोराने खिंकाळलो. तेवढ्यात अंधारातून कुणीतरी माझ्या नाकावर हात ठेवला. हात खरखरीत होता, आवाज मात्र बाईचा होता.

"घाबरू नको रे बाळा. पहिल्या दिवशी मीसुद्धा अशीच रडले होते."

ती लिडिया रिग्बी. लहानपणापासून ती या खाणीत कोळसा ओढत होती. कमरेला चामडी पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळीला कोळशाची गाडी, आणि हातापायांवर रांगत ती गाडी ओढायची. लंडनच्या मोठ्या लोकांनी हे पाहिले तेव्हा त्यांना फार लाज वाटली, असे म्हणतात. मग कायदा झाला. बायकांनी आणि मुलींनी जमिनीखाली काम करायचे नाही. बायका थोड्याच महिन्यांत वर जाणार होत्या, म्हणून मालकांनी आम्हा तट्टूंना विकत आणले.

मी उंचीला बुटका खरा, तरी त्या बोगद्यात मावेना. माणसे पहारी घेऊन माझ्यासाठी छत फोडू लागली. लिडिया पावाचा तुकडा चावत ते बघत बसली होती.

"बघा तरी," ती म्हणाली. "माझी आई जन्मभर इथून रांगली, तेव्हा या दगडाला कुणी बोट लावलं नाही."

"तट्टू विकत आणावं लागतं, लिडिया," म्हातारा सायलस पहार टेकवत म्हणाला. "बाई काय, आपल्या पायांनी चालत येते!"

सगळे हसले. तीही हसली, पण पाव तिने अर्धाच खाल्ला.

कायद्याचा दिवस आला आणि बायका वर गेल्या. लिडियाने माझ्या मानेला मिठी मारली आणि मागे न बघता ती वर नेणाऱ्या पिंजऱ्यात चढली. काही आठवडे मला एक शिव्या देणारा माणूस हाकत होता. मग एका सकाळी नवा गडी आला. डोळ्यांवर ओढलेली टोपी, ढगळ विजार, नाव म्हणे ल्यूक. त्याने माझ्या नाकावर हात ठेवला आणि मी ओळखले.

घरी लिडियाच्या नवऱ्याची छाती कोळशाच्या धुळीने भरली होती. त्याला जिना चढवत नव्हता. दोन लहान मुली होत्या आणि वर गावात तिला कुठेच काम मिळेना. सेडनला सारे ठाऊक होते. पण त्याला माणसे कमी पडत होती. तो आपल्या कंदिलाकडे बघत म्हणाला, "मला आजकाल कमी दिसतं," आणि पुढे गेला.

बाकीच्यांनाही ठाऊक होते. कुणीतरी मुद्दाम विचारायचे, "काय रे ल्यूक, मिशी कधी फुटणार तुला?"

लिडिया घोगऱ्या आवाजात म्हणायची, "तुझ्या सासूकडून उसनी आणतो की!"

असे आमचे दिवस चालले होते. गाड्या मी ओढायचो, पुढे ती चालायची. लोकांत ती फार बोलत नसे. माझ्याशी मात्र कुजबुजायची. आज धाकटीला ताप आहे, आज नवरा रात्रभर खोकला. मी ऐकायचो. मला दुसरे काय येते?

एके दिवशी सेडन धापा टाकत आला. "सरकारी साहेब खाली उतरतोय, खाण बघायला. लिडिया, तोंड उघडलंस तर तुझंही काम गेलं आणि माझंही."

"मी कशाला उघडू?" ती म्हणाली.

साहेब आला. माणूस वाईट नव्हता. त्याने माझी मान थोपटली, माझ्या खांद्यावरची जखम बघून कपाळाला आठी घातली. मग लिडियाला विचारले, "किती दिवस झाले रे तुला इथे?"

तिने मान खाली घातली. सायलस लगेच म्हणाला, "मुका आहे साहेब. जन्माचा."

साहेब हळहळला आणि सेडनबरोबर पुढच्या बोगद्यात शिरला. आम्ही मागून निघालो. पण थोडे चाललो आणि माझे पाय थांबले. माझ्या कानावर बारीक माती पडत होती. छताला दिलेल्या टेकूचे लाकूड करकरत होते, अगदी हळू, कुणी शिळा पाव चावावा तसे. लिडियाने मला ओढले नाही. तिने टेकूला कान लावला.

साहेब आणि सेडन बरेच पुढे गेले होते. सायलस मागेच राहिला होता. हाक मारायला तिच्याखेरीज कुणी नव्हते. आणि हाक मारली की सारे संपणार, हे तिला कळत होते. तिच्या मुठीत माझी आयाळ होती. ती मूठ इतकी घट्ट झाली की मला दुखले.

मग ती ओरडली.

"मागे फिरा! छत कोसळतंय! सेडन, साहेबाला ओढ, पळा!"

असा स्वच्छ, खणखणीत बाईचा आवाज त्या खाणीत कित्येक दिवसांत घुमला नव्हता. दोघे पळत आले. त्यांच्या मागे छत कोसळले आणि धुळीने आमचा श्वास कोंडला. धूळ खाली बसली तेव्हा साहेबाची हॅट गेली होती. त्याने कंदील वर करून तिचा चेहरा पाहिला.

"तू बाई आहेस?"

"आधी इथून बाहेर पडू, साहेब," लिडिया म्हणाली. "मग मी कोण ते बघा." आणि सर्वांच्या आधी तिने माझा पट्टा सोडला, कारण मागच्या गाडीमुळे मला वळता येत नव्हते.

वर काय झाले ते मला सायलसने सांगितले. त्याच्या घरी कुणी नव्हते, म्हणून चारा टाकताना तो मलाच सगळे सांगायचा.

साहेब तिला म्हणाला, "तुझ्यामुळे माझा जीव वाचला. पण तुला पुन्हा खाली जाऊ देता येणार नाही. बाई, हा कायदा तुमच्या भल्यासाठीच केलाय."

"भल्याचा आहे, मला कबूल आहे," लिडिया म्हणाली. "माझ्या मुली कधी त्या पट्ट्यात अडकणार नाहीत, देव तुमचं भलं करो. पण आज संध्याकाळी त्यांच्यापुढे काय वाढू, ते तुमच्या कायद्यात कुठे आहे?"

साहेब गाडीत बसून निघून गेला नाही. मालकाच्या कचेरीत जाऊन बसला आणि खाणीच्या तोंडाशी, उघड्यावर, कोळशातले दगड निवडायचे काम तिला मिळवून दिले. मजुरी खालच्यापेक्षा कमी, आणि वारा हाडे गोठवणारा. तिने ते घेतले.

मी खालीच राहिलो. सायलस गेला. किती हातांनी मला हाकले, आता आठवत नाही. काही हात मायेचे होते, काहींत चाबूक होता. माणसे बोलायची, अमका कायदा झाला, गिरणीतले तास कमी झाले, तमका साहेब येणार. मी कान टवकारून ऐकायचो. माझ्याबद्दल कधी काही निघाले नाही. मी रागावलो नाही. त्यांचे त्यांना पुरत नव्हते.

पुढे एक डोळा गेला, मी ठेचकाळू लागलो, आणि मला वर काढले. उजेड उरलेल्या डोळ्यात दगडासारखा लागला. सेडन केसांनी पांढरा झाला होता. तो कुणाला तरी सांगत होता, "उद्या खाटकाची गाडी येईल, तोवर इथेच बांध."

"त्याला मी नेणार," शेजारून आवाज आला.

"म्हातारं तट्टू नेऊन काय करणार आहेस, लिडिया? त्याला खायला काय घालशील?"

"ते मी बघेन. त्या दिवशी हा थांबला नसता, तर हे विचारायला तू उरला असतास का?"

सेडन दोर सोडून तिच्या हातात देत म्हणाला, "जा घेऊन. खाटकाला सांगतो, सकाळीच मेला."

आता मी कालव्याकाठी, तिच्या घरामागच्या गवतात उभा असतो. तिचा नवरा केव्हाच गेला. तिची कंबर आता सरळ होत नाही. थोरली मुलगी मर्सी कापडाच्या गिरणीत जाते. दमून येते, पण ताठ चालते. एकदा तिने आईला विचारले, "खाली कसं असतं गं?"

"अंधार असतो," लिडिया म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

मित्रांनो, मी कायदे करणाऱ्यांना नावे ठेवत नाही. त्यांच्यामुळे मर्सीने ती खाण आतून पाहिली नाही, हे थोडे नाही. माझे मागणे लहान आहे. कुणी ओझ्याखाली वाकलेले दिसले, माणूस असो की जनावर, तर त्याचा पट्टा जरूर सोडा. पण सोडून झाल्यावर लगेच घरी जाऊ नका. जरा थांबा, आणि त्याने आज काही खाल्ले आहे का, ते विचारा.