कासवाने न पाहिलेली जागा

शेततळ्याचं पाणी रोज दोन बोटं उतरत होतं आणि ते मान्य करायला कोणी तयार नव्हतं.

विंचूरजवळ आमची साडेतीन एकर द्राक्षं आहेत. एप्रिलची छाटणी झाली की वेलींना याच तळ्याचं पाणी लागतं, कारण विहीर तोवर आटलेली असते. म्हणून मार्च लागला की मी रोज सकाळी काठावर जाते आणि कागदावर खडूची रेघ ओढते. कागद म्हणजे तळ्यात अंथरलेलं जाड काळं प्लास्टिक. उन्हाने अर्धं बोट पाणी जातं, हे मला ठाऊक आहे. दोन बोटं जात नाही.

"आजी, बाष्पीभवन असेल," वेदिका म्हणाली.

"मला ऊन शिकवू नकोस."

मुलाला, सुनीलला, नाशिकला फोन केला तर तो म्हणाला, "आई, तुला हल्ली सगळंच कमी झालेलं दिसतं." मी फोन ठेवून दिला.

वेदिका माझ्या धाकट्या बहिणीची नात. नाशिकला गंगापूर रोडला राहते, इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करते. सोळा दिवसांपूर्वी तिने आमच्या तळ्यात एक यंत्र सोडलं. परातीएवढं, चपटं, चार चाकांचं. भिका तीस वर्षं आमच्याकडे कामाला आहे, त्याने त्याला कासव म्हटलं आणि तेच नाव पडलं. कासव तळाशी फिरतं, कागदाचे फोटो काढतं, आणि कुठे फाटलंय ते कॉम्प्युटर फोटोवरून ओळखतो. दमलं की तळाशी ठेवलेल्या तबकडीवर येऊन बसतं. काठावरून तबकडीपर्यंत केबल आहे, पण तिथून कासवात वीज जाते ती वायरशिवाय, पाण्यातूनच. एकवीस दिवस कोणाचा हात न लागता हे सलग चाललं पाहिजे आणि अहवाल एकतीस मार्चच्या आत गेला पाहिजे, अशी तिच्या सरांची अट. याआधीचे दोन प्रयत्न अर्धवट राहिले होते. हा तिसरा.

"तुझं कासव भोकं शोधतं ना? मग शोध म्हणावं."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "सगळा तळ पाहून झालाय. हे बेडूक, हा पाला, हे ठिगळ."

त्या ठिगळाला कॉम्प्युटर आधी भोक म्हणत होता. ते आमच्या यांनी सुनीलच्या लग्नाच्या वर्षी लावलं, हे मी सांगितलं तेव्हा कुठे तिने दुरुस्त केलं.

"माई, पानी जातंय खरं," भिका म्हणाला, "पन कासव नाय म्हनतंय."

"कासवाचं ऐकतोस आणि माझं नाही?"

"तुमचंबी ऐकतो की. पन तुमच्याकडं फोटू नाय."

वेदिकाही वैतागलेलीच होती, पण वेगळ्या कारणाने. दोन तासांत भरायची बॅटरी पाच-पाच तास घेत होती. मोटारीच्या खोलीच्या सावलीत बसून ती आकड्यांचे तक्ते वरखाली करत होती. "निम्मी वीज कुठे जातेय कळत नाही," ती स्वतःशीच बोलली. "जवळ लोखंड असलं की असं होतं. वीज ते खातं. पण लोखंड मी येऊच दिलं नाही."

हे खरं होतं. पहिल्या दिवशी तबकडी शेवाळावरून घसरत होती. भिका बागेतला लोखंडी अँगल घेऊन आला तेव्हा ही केवढ्याने ओरडली. मग ती जेवायला गेली, आणि मी माळ्यावरून जात्याचा खालचा दगड काढून दिला. कागदाला खरचटू नये म्हणून तो गोणपाटात गुंडाळून भिकाने तबकडीखाली बांधला.

दगड आठवला आणि त्याबरोबर त्याची खीळ आठवली.

बहात्तरच्या दुष्काळात मी नवी सून होते. रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, दळून दळून जात्याच्या खालच्या दगडातली मधली लाकडी खीळ झिजली, तेव्हा सासऱ्यांनी चंदर लोहाराकडून लोखंडी खीळ बसवून घेतली. हलू नये म्हणून त्याने भोवती शिसं ओतलं होतं. ही गोष्ट मी दर संक्रांतीला कोणाला ना कोणाला ऐकवते. आणि दगड बांधताना ती खीळ माझ्या लक्षातही आली नाही. दगडाची खिळीची बाजू खाली होती. कासव तबकडीवर बसलं की दगड डुलत असणार आणि खीळ कागदाला घासत असणार. आणि तबकडीखालची तेवढीच जागा कासवाला कधी दिसली नव्हती.

पाचच दिवस उरले होते. दहा बोटं पाणी म्हणजे एका एकराची एक पाळी. तेवढं गेलं असतं तर पोरीचे एकवीस दिवस पुरे झाले असते. सोळा दिवस मी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि भोक पाडणारी मीच.

शेवटी सांगितलं.

"लोखंडी?" ती उभी राहिली. "आजी, सोळा दिवस!"

"पाच दिवस राहू दे तसंच. पाणी जाईल ते माझं जाईल. तुझी नोंद तर सलग आहे, खिळीचं कोणाला कळतंय?"

ती तळ्याकडे बघत राहिली. मग रागानेच म्हणाली, "आणि लिहू काय? की माझी तबकडी निम्मी वीज वाया घालवते? ती नाही घालवत!"

चपला काढून तिने तबकडीला बांधलेला दोर धरला. मी आणि भिकाही लागलो. दगड काठावर आला तेव्हा गोणपाट फाटलेलं होतं आणि खिळीचं टोक घासून चकचकीत झालं होतं. तिने कासवाला त्या मोकळ्या जागेवर नेलं. पडद्यावर लाल चौकट उमटली. आत अंगठ्याएवढं भोक.

"बुडाखालीच व्हतं की!" भिका म्हणाला. त्याच्या हसण्यात कोणी सामील झालं नाही. तो पाण्यात चिकटणारी पट्टी आणायला विंचूरला गेला.

वेदिकाने सरांना फोन लावला. "सर, उद्यापासून परत पहिला दिवस. हो, एकतीस तारीख चुकेल. मुदत वाढवून मिळेल का?" पलीकडून "बघतो" एवढंच आलं, आणि फोन बंद झाला.

दगडाच्या जागी बांधायला तिने रिकाम्या पोत्यात वाळू भरायला घेतली. मी पोत्याचं तोंड धरून बसले. वर न बघता ती म्हणाली, "आजी, अजून काही विसरला असाल तर आत्ताच सांगा."

मी खरोखरच आठवू लागले.