आधी चूळ भरा

मास्तरांनी सॅक्सोफोनचा पट्टा गळ्यात अडकवला, तालमीच्या खोलीचं दार ढकललं, आणि पाहतात तर खुर्चीवर त्यांची जुनी शिष्या, चिमणी. खुर्चीवर कुणाचं नाव कोरलेलं नव्हतं, हे खरं. पण शेवटच्या गाण्यातला सोलो ज्याचा, त्याची ती खुर्ची, आणि तो सोलो आजवर मास्तरांनी कुणाला दिला नव्हता.

चिमणी झटकन उठली.

"बसा ना, मास्तर."

"असू दे, असू दे. पाहुण्यांनी बसावं," मास्तर म्हणाले. बोलले गोड, पण गळ्यातला पट्टा त्यांनी उगाचच दोनदा घट्ट केला.

चिमणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. शिकायला आली तेव्हा पोरीची फुंकर चिमणीएवढी होती. आता देशोदेशी जॅझ वाजवून आली होती, आणि सभागृहाच्या दारावर आज तिचा फोटो दाराएवढा लागला होता. मास्तर होते खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे. सकाळी बायको म्हणाली होती, "शिष्या एवढी मोठी झाली, आज तरी चहात साखर घालू का? तोंड गोड करा जरा." त्यावर मास्तर खेकसले होते. वाजवायच्या दिवशी साखर बंद, हा त्यांचा नेम. गोड तोंडाने फुंकलं की वाद्याच्या भोकांवर बसणारी चामड्याची पॅडं चिकटतात. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच होतं: 'आधी चूळ भरा, मग फुंका.'

"शेवटचा सोलो कुणाचा, ते एकदा ठरवा बुवा," पियानोवाला म्हणाला. म्हणाला तो सगळ्यांना, पण बघत होता चिमणीकडे.

"एकदा वाजवून बघते," ती म्हणाली.

आणि वाजवलं तिने. काय वाजवलं! मास्तर चूक शोधत बसले, कान टवकारून, पण एक सापडेल तर शपथ. वर चढता चढता एका वळणावर ती क्षणभर अडली. सूर येणार येणार असं वाटत राहिलं, आणि मग आला.

"हा बघा! हिचा थांबा!" ड्रमवाला ओरडला. "पेपरात आलाय हा."

हिचा? मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा! ती शिकत होती त्या काळात त्यांच्या ह्याच सॅक्सचं एक पॅड चिकटायचं आणि नेमका तिथला सूर उशिरा यायचा. पोरीने ऐकून ऐकून उचललं, ते वाद्याच्या दुखण्यासकट! पुढे मास्तरांनी पॅड बदलून घेतलं. आता जग ज्यावर जीव टाकत होतं, ती त्यांच्या सॅक्सची खोड होती.

संध्याकाळी मध्यंतरापर्यंत त्यांनी कळ काढली. मग रंगमंचामागे तिला गाठलंच.

"तुझा तो थांबा. कुठून आला, माहीत आहे का तुला?"

"माहीत आहे की," चिमणी हसली. "तुमचं पॅड चिकटायचं. दर गाण्यानंतर पातळ कागद घालून टिपायचात तुम्ही. मी समोरच तर बसायची."

मास्तरांच्या हातातला बाण हातातच राहिला.

"मग ती चूक तू ठेवलीस कशाला?"

ती जरा घुटमळली. "रागावू नका. एरवी तुम्ही भराभर पुढे पळायचात, मास्तर. तिथे मात्र सूर येईपर्यंत तुम्हाला वाट बघावी लागायची. तेवढंच ऐकायला मी यायची."

मास्तरांनी सॅक्सच्या त्या पॅडवरून बोट फिरवलं. नवं पॅड बसवल्यापासून सूर कसा अगदी वेळेवर येत होता. टाळ्याही वेळेवर पडत होत्या, आणि वेळेवरच थांबत होत्या.

"आणि शेवटचा सोलो तुमचाच," ती म्हणाली. "मी सांगितलंय पियानोवाल्याला."

म्हणजे आता त्यांचीच वस्तू त्यांना दान! तिच्या थांब्याचा एवढा हेवा त्यांना दिवसभरात वाटला नव्हता.

पलीकडे चहा आला होता. मास्तरांचा बिनसाखरेचा कप वेगळा ठेवलेला. त्याच्या शेजारी ड्रमवाल्याचा कप, त्यात चमचा उभा राहील एवढी साखर. मास्तरांनी तोच उचलला.

"अहो मास्तर, माझा तो! साखर आहे त्यात!"

"माहीत आहे," मास्तर म्हणाले, आणि तळाची न विरघळलेली साखरसुद्धा त्यांनी बोटाने चाटून घेतली.

घंटा झाली. वर्गातल्या जुन्या सवयीने चिमणीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मास्तर, चूळ?"

मास्तरांनी सॅक्स कधीच ओठांना लावला होता.