घरातल्या चपला

सुयोगने प्लगचा स्क्रू काढला, आतली हिरवी वायर पक्कडीने तोडली, टोकाला काळी टेप गुंडाळली आणि प्लग पुन्हा बंद केला. मग टीव्हीच्या कपाटामागे पालथा पडूनच त्याने तो सॉकेटमध्ये खोचला.

"लाव," तो म्हणाला.

निधीने रिमोट दाबला. नव्या अ‍ॅम्प्लिफायरचा निळा दिवा लागला. पाचही स्पीकर गप्प होते.

"गेला?"

"गेला. साला, आठवडाभर डोकं खाल्लं."

खाल्लं होतं खरं. अ‍ॅम्प्लिफायर घरात आला त्या दिवसापासून स्पीकरमधून घूं असा आवाज येत होता, बंद खोलीत भुंगा अडकल्यासारखा. सुयोगने वायरी बदलल्या, फ्रीज बंद केला, पंखे बंद केले, बायकोला आणि सहा वर्षांच्या सईला घामात बसवलं. शेवटी कळलं की केबल टीव्हीची वायर उपटली की आवाज बंद होतो. म्हणजे अर्थिंग दोन बाजूंनी येत होतं, एक प्लगमधून आणि एक केबलच्या वायरीतून, आणि त्या दोघांचं जमत नव्हतं. यावर केबलच्या वायरीत घालायचा एक छोटासा पार्ट मिळतो. तो त्याने मागवलाही होता, पण यायला पुढचा आठवडा उजाडणार होता, आणि शनिवारी तर अनिरुद्ध देशमुख घरी येणार होते. ते सुयोगचे साहेब. आपल्या कानांचा त्यांना फार अभिमान, आणि यंदा कुणाला वर चढवायचं हेही त्यांच्याच हातात.

म्हणून हिरवी वायर तुटली. तीच अर्थिंगची वायर. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत जावी, माणसातून जाऊ नये, एवढंच तिचं काम. सुयोग इंजिनियर होता, त्याला हे शाळेपासून ठाऊक होतं. पार्ट आला की जोडू परत, असं त्याने मनाशी म्हटलं. असलं मनाशी म्हटलेलं कोण लक्षात ठेवतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमा फरशी पुसून झाल्यावर ओलं फडकं घेऊन कपाटाकडे वळली. मुलुंडच्या या सोसायटीत ती पाच घरची कामं करायची आणि हे घर तिचं सगळ्यात जुनं. तिने अ‍ॅम्प्लिफायरवर फडकं ठेवलं आणि हात झटकन मागे ओढला. फडकं खाली पडलं.

"ताई, याला करंट येतोय."

"काय सांगतेस?" सुयोग चहाचा कप घेऊन आला. त्याने तळहात सपाट पत्र्यावर ठेवला. "कुठाय? निधी, तू बघ गं."

निधीनेही हात ठेवला. दोघांच्या पायांत जाड रबरी चपला होत्या. या घरात सगळे घरातल्या चपला घालत. फरशी गार लागते, टाचा दुखतात. प्रेमाच्या चपला मात्र दाराबाहेर, चपलांच्या कपाटाच्याही बाहेर. तो नियम पहिल्या दिवसापासूनचा.

"हात ओले, पाय ओले," सुयोग हसला. "थोड्या झिणझिण्या येणारच. टेस्टर आहेस तू आमची."

"कोपरापर्यंत आला, दादा. मग मी पायात काही घालू का पुसताना? जुनं असेल तर द्या."

"चपला घालून? हॉलमध्ये?" निधीने भिंतीवरच्या देव्हाऱ्याकडे बोट केलं. "देव आहेत तिथे. काय बोलतेस, प्रेमा."

प्रेमा गप्प बसली. इतर वेळी ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तोंड चांगलं चालायचं तिचं. पण तिचा चैतन्य बारावी होऊन दोन वर्षं घरी बसला होता. शनिवारी साहेब आले की त्यांच्या गोदामात चैतन्यला चिकटवायचं बोलतो, असं सुयोगने कबूल केलं होतं. तेव्हा शनिवारपर्यंत तोंड बंद. ती फडकं पिळून पिळून जवळजवळ कोरडं करायची, श्वास रोखायची आणि दोन बोटांनी तो पत्रा पुसायची. तरी यायचाच.

शनिवारी सकाळी निधी न्हाऊन केसांना पंचा गुंडाळून पूजेला आली. पूजेपुरत्या ती चपला काढायची, तेवढं पथ्य तिचंही होतं. पाय अजून ओलेच होते. काडेपेटी कपाटावर राहिली होती. ती घ्यायला तिने हात लांब केला आणि मनगट अ‍ॅम्प्लिफायरच्या कडेला लागलं.

ती ओरडली नाही. तिने मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरलं. आत प्रेमा भांडी घासत होती, नळाचा आवाज येत होता. सुयोगला सांगावं तर तो वायर जोडणार, वायर जोडली की घूं परत येणार, आणि संध्याकाळी साहेब. जाऊ दे, आजचा दिवस जाऊ दे, असं तिने ठरवलं. मग ती बेडरूममध्ये गेली, पायांत चपला घातल्या आणि परत येऊन तशीच देवासमोर उभी राहिली. आरती पूर्ण केली. दुपारी ती खास बाजारात गेली आणि सईसाठी सशाचं तोंड असलेल्या नव्या रबरी चपला घेऊन आली.

"हॉलमध्ये अनवाणी दिसलीस तर बघ," तिने सईला दम दिला.

प्रेमाला ती काही बोलली नाही.

संध्याकाळी अनिरुद्ध आले. गालिच्यावरच्या सोफ्यात मांड ठोकून बसले. निधीने कोकम सरबत दिलं. सुयोगने आधी अ‍ॅम्प्लिफायर नुसताच चालू करून आवाज पूर्ण वाढवला.

"काही ऐकू येतंय?"

अनिरुद्धांनी डोळे मिटले. "काही नाही. क्लास. माझ्याकडे घूं येतो रे. तू काय केलंस?"

"ट्रिक आहे, साहेब." सुयोग खुलला होता. "आमच्या बाईंना मात्र यातून करंट येतो म्हणे. प्रेमा, जरा बाहेर ये."

प्रेमा मोरीतून तशीच बाहेर आली. साडी खोचलेली, पाय निथळत होते.

"हिच्याच मुलाचं म्हणत होतो मी."

"असं होय," अनिरुद्ध म्हणाले. त्यांनी बसल्या बसल्या हात लांब करून अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवला. पाय गालिच्यावर, पायांत मोजे. "मला तर काही लागत नाही, बाई. भूत आहे का आत?" ते स्वतःच हसले. "आई एवढी घाबरट, तर पोरगा गोदामात काय दिवे लावणार?"

"लाव ना हात," सुयोग म्हणाला. "दाखव साहेबांना."

प्रेमाने निधीकडे पाहिलं. निधी बशीतल्या चकल्या सारख्या करत होती.

प्रेमाने हात पदराला पुसला आणि पत्र्यावर ठेवला. नुसता टेकवला नाही, दाबून ठेवला. तिच्या दंडाची शीर उडत होती. जबडा आवळून तिने ओठ हसल्यासारखे केले.

"नाही येत, साहेब. मलाच भास झाला असेल."

"बघ," सुयोग म्हणाला.

अनिरुद्ध खूश झाले. "सोमवारी पाठव मुलाला. आईसारखा निघाला तर चालेल आपल्याला."

"मी पण, मी पण हात लावणार," म्हणत सई बेडरूममधून धावत आली. अनवाणी, नुकती न्हाऊन आलेली.

निधी सोफ्यावरून अशी उठली की तिच्या हातातला सरबताचा ग्लास सुटून कपाटाच्या पायथ्याशी फुटला. तिने सईचं मनगट पकडून तिला मागे खेचलं.

"चपला कुठायत तुझ्या? सांगितलं होतं ना, या कपाटाजवळ चपलेशिवाय यायचं नाही म्हणून? दुपारी कशाला आणल्या मग?"

सई रडायला लागली. अनिरुद्धांनी आपला हात सावकाश मांडीवर घेतला.

प्रेमाचा हात अजून पत्र्यावरच होता. तिने तो काढला. आधी निधीच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. निधीने नजर दुसरीकडे वळवली. प्रेमा वाकली, सोफ्याखालून सशाच्या चपला ओढून काढल्या आणि रडणाऱ्या सईच्या पायांत एकेक करून घातल्या. उजव्या हाताची बोटं नीट वळत नव्हती, म्हणून डाव्या हाताने घातल्या.

"घाल हो बाळा," ती म्हणाली. "आई सांगते ते ऐकावं."

"लहान मुलांना सवय नकोच अशा वस्तूंना हात लावायची," सुयोग घाईघाईने म्हणाला आणि त्याने दिवे मंद केले. "सुरू करू या का, साहेब?"

पडद्यावर जंगल दिसू लागलं. निधी सईला मांडीवर घेऊन बसली. फुटलेल्या ग्लासातलं सरबत कपाटाखाली, वायरींकडे पसरत चाललं होतं.

"प्रेमा," ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "एवढं पुसून घे गं. ओल्या फडक्याने घे, नाहीतर चिकट राहतं."

प्रेमा बादली घेऊन आली. काचा वेचल्या, फडकं बुडवलं आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या खाली गुडघे टेकून पुसू लागली. स्पीकरमधून पानावरून पाण्याचा एक थेंब पडल्याचा आवाज आला. मग शांतता.

"ऐकलंत ना, साहेब?" सुयोग हळूच म्हणाला. "जरासुद्धा घूं नाही."